पायथन ३ : अकरा वर्षांच्या 'आळसा'चा खोटा इतिहास

पायथन या संगणकभाषेच्या स्थित्यंतराचा इतिहास सहसा दोन तारखांत उरकला जातो. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली; १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला. मधली अकरा वर्षे 'प्रोग्रामरांच्या आळसा'च्या खात्यावर टाकली की इतिहास लिहून मोकळे! राजाने फर्मान काढले आणि रयतेने ते उशिरा मानले, अशा थाटाच्या मांडणीला आपण इतरत्र हसतो. इथे मात्र ती निमूटपणे पुढे पाठवतो.

बदल आवश्यक होता, याविषयी वाद नाही. पायथन २ मध्ये यूटीएफ-८ मजकुरातील 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली की उत्तर येई १५, कारण मोजले जात ते बाइट. पायथन ३ सांगते ५. (आपण तीनच म्हणू, पण ते भांडण युनिकोडशी.) मजकूर आणि बाइट यांची ही फारकत आपल्या लिपीच्या हिताचीच होती, मात्र तिने जुना कोड मोडला.

खरा पेच त्यापुढचा. एकाच चालू प्रोग्रामात काही लायब्ररी पायथन २ च्या आणि काही ३ च्या, असे चालत नसे. दहांपैकी नऊ लायब्ररी नव्या आवृत्तीवर आल्या आणि दहावी राहिली, तर संपूर्ण प्रोग्राम जुन्या आवृत्तीतच अडकून पडे. त्या दहावीचे पायही आणखी कशात तरी गुंतलेले असत. नमपायने पायथन ३ ला आधार दिला २०१० मध्ये. जँगोने, तोही प्रायोगिक, २०१३ मध्ये. तोवर जँगोवर संकेतस्थळ चालवणाऱ्याने थांबणे हा आळस कसा?

मूळ योजना अशी होती की, कोड पायथन २ मध्ये जपावा आणि 'टू-टू-थ्री' या साधनाने त्याचे रूपांतर करीत राहावे. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना ते जाचक वाटले. त्यांनी दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच कोड लिहिण्याची वाट धरली. त्यासाठी 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी होती. दोन गुणिले तीन, म्हणून सहा! पण पायथन ३ ने युनिकोड मजकुरापुढचा 'यू' विनाकारण रद्द करून ही वाट अवघड केली होती. २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीने तो पुन्हा स्वीकारला. फर्मान काढणाऱ्यांनीच घेतलेली ही माघार 'आळसा'च्या कथेत कुठे सापडते?

२०१४ मध्ये पायथन २ ची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढली. ती तारीख सर्वांना पाठ असते. त्याहून मोलाचे पाऊल, माझ्या मते, नोव्हेंबर २०१६ चे. पिप ९ आले आणि 'मला पायथनची अमुक आवृत्ती लागते' हे लायब्ररीने जाहीर केले, की जुन्या पायथनवाल्याला पिप आपोआप तिची जुनी, जुळणारी आवृत्ती देऊ लागले. मागे राहिलेल्यांचे काम न मोडता पुढे जाणे त्यामुळे शक्य झाले. आयपायथनने एप्रिल २०१७ मध्ये आणि जँगोने त्याच डिसेंबरमध्ये पायथन २ सोडले. २०२० ची मुदत तेव्हा दोन वर्षांहून अधिक दूर होती.