पायांची समजूत

जुनी बुलेट हौसेने घेणाऱ्यांनो, एक गोष्ट ध्यानात धरा. १९५५ साली मद्रासला जिची जुळणी सुरू झाली, त्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. आजच्या मोटारसायकलींच्या नेमके उलट! शिवाय पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. दुसऱ्या गिअरात असताना समोर पोर आले आणि सवयीने उजवा पाय दाबला, तर गाडी थांबत नाही, तिसरा गिअर पडतो! डोके हे लगेच शिकते. पाय मात्र हट्ट सोडत नाहीत. म्हणून आधी मोकळ्या मैदानात पायांची समजूत घाला. हाताचा ब्रेक उजवीकडेच आहे, तो विसरू नका. बाजारपेठेत मिरवायची घाई कशाला? दिवाळी दरवर्षी येते!