प्लग कुठे बसवायचा, हे आपणही ठरवू या!

घरात नवीन वस्तू आली की ती कुठे ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सिलिंडर उभाच हवा, फ्रीज भिंतीला चिकटवायचा नाही, मिक्सरची वायर ओट्यावरच्या पाण्यात यायला नको. हे सगळं आपल्या बोटांवर असतं. पण वस्तू म्हणजे गाडी असली, की मात्र आपण ‘त्यातलं मला काही कळत नाही’ म्हणून मोकळ्या होतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे चालणार नाही, मैत्रिणींनो. पेट्रोल गावातल्या पंपावर भरलं जायचं; ही गाडी आपल्या घरच्या भिंतीवर, आपल्या मीटरवर ‘भरते’. म्हणजे हा आता घरातला विषय झाला, नाही का?

आपल्या नागपूरला याची ओळख तशी जुनी. विजेवरच्या टॅक्सी आणि ई-रिक्षांचा देशातला पहिला मोठा प्रकल्प मे २०१७ मध्ये इथेच सुरू झाला, दोनशे गाड्यांचा. पण चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जाऊ लागले आणि टॅक्सीचालक कंटाळले. घरच्या चार्जिंगची सोय किती मोलाची, ते तेव्हाच कळलं. आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या नियमांची परवानगीही आहे. तेव्हा प्रश्न सोयीचा नाही, काळजीचा आहे.

सप्टेंबर २०२२ मधली वसईची घटना आठवते? स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दवाखान्यात दगावला. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे नियम कडक झाले, हे खरं. पण बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवायची नाही, हा नियम सरकार नाही, आपणच करायचा. दाराच्या वाटेत आणि जिन्याखालीही नको. आग लागली तर बाहेर पडायला वाट तर राहिली पाहिजे!

आता चारचाकीचं बघू. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर कार तासाला जवळपास तीन युनिट वीज घेते. तीस युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर दहा तास. तुम्ही म्हणाल, गिझरही तेवढीच वीज ओढतो. ओढतो, पण वीस मिनिटं. कार रात्रभर ओढते. जुनी बारीक वायर, सैल झालेला प्लग एवढा वेळ तग धरत नाही. आधी तापतो, मग वितळतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणि मल्टिप्लग यांना इथे हातही लावायचा नाही. मेन बोर्डापासून गाडीसाठी वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि वीज गळू लागताच ती तोडणारा आरसीसीबी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यायचा. घराचा मंजूर वीजभार पुरेसा आहे का, हेही महावितरणकडे विचारून घ्यायचं. काही लाखांची गाडी घेणाऱ्या घराने या खर्चात हात आखडता घेऊ नये.

आणि अर्थिंग! कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्यातल्या कितीतरी ठिकाणी अर्थिंग नसतं किंवा निकामी झालेलं असतं. मे महिन्यात जमीन कोरडीठाक झाली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायला हवं. तुळशीला घालतोच ना, तसंच एक तांब्या इथेही, बरं का.

आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका. पारा पंचेचाळीसवर असताना भर दुपारी धावून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नये. सावलीत तासभर निवू द्यावी. पावसाळ्यात प्लगवर आडोसा हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी बुडालेली गाडी वाळली म्हणून चार्जिंगला लावायची नाही, आधी कंपनीच्या माणसाला दाखवायची.

वेळेचंही गणित आहे. नवीन टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत देण्याची योजना महावितरणने १ जुलै २०२५ पासून आणली. सुरुवातीला ती युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया होती. ज्यांची गाडी सकाळी घरी असते, त्यांनी नऊ वाजता लावली तर बिल कमी आणि घरात कुणीतरी जागं, दोन्ही साधतं. रात्रीच लावणं भाग असेल तर गाडी बाहेर पोर्चमध्ये आणि पक्क्या अर्थिंगच्या प्लगवरच. एक मात्र लक्षात ठेवा, गाडीचे युनिट घरच्या युनिटांत मिळाले की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकतं. गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. तिचा दर विचारून हिशेब आपणच मांडावा. घरखर्चाची वही शेवटी आपल्याच हातात असते.

रोजच्या सवयी तर अगदी सोप्या. चार्जिंग सुरू होऊन अर्धा-एक तास झाला की कोरड्या हाताने प्लगचं वरचं आवरण चाचपावं. कोमट असेल तर ठीक, चटका बसला किंवा जळका वास आला तर मेन बंद. काढताना आधी गाडीतून चार्जिंग थांबवायचं, मग बटण, मग प्लग. आणि लेकरांना तारेशी खेळू द्यायचं नाही.

रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद केल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. ही सवय आपल्या सासवांनी नव्हे, आपणच गॅस घरात आल्यावर लावून घेतली. आता गाडीच्या प्लगची सवयही आपणच लावू. पण त्यासाठी गाडी ठरवायच्या बैठकीत चहा ठेवून आत निघून जायचं नाही. तिथे बसायचं आणि पहिला प्रश्न आपण विचारायचा : रंग कोणता ते नंतर बघू, प्लग कुठे बसवणार?