'रिस्टोअर्ड' म्हणजे नक्की काय हो?

परवा मित्राने एक फोटो पाठवला. बीएसए एम-२०, अमरावतीत विकायला आहे. टाकी आरशासारखी, क्रोम चकाचक आणि खाली दोनच शब्द, 'फुल्ली रिस्टोअर्ड'! किंमत वाचून मी गप्प बसलो. पण ऐपत नसली तरी मत द्यायला कुठे पैसे पडतात?

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली सुरू झालेली, मूळची बंदुका बनवणारी कंपनी. एम-२० ही त्यांची ५०० सीसीची, एका सिलेंडरची गाडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. मागे सस्पेन्शन नाही, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मूळ कंपनी १९७०च्या दशकात बुडाली. नाव २०१६ साली महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने घेतलं आणि २०२४ साली नवी गोल्ड स्टार भारतात आली. म्हणजे टाकीवर नुसतं नाव हवं असेल तर शोरूम आहेच की!

मग जुनीला एवढे पैसे कशाचे? माझ्या मते तिच्या इतिहासाचे. आणि गंमत बघा, नेमका तोच इतिहास रिस्टोअर करताना खरवडून टाकतात. गाडी सैन्यातून आलेली असेल तर तिला एवढं क्रोम आलं कुठून?

या गाड्या आपल्याकडे टिकल्या त्या मिस्त्री लोकांमुळे. नट-बोल्ट इंची मापाचे, आपला नेहमीचा मिलिमीटरचा पाना बसत नाही. पार्ट मिळेना म्हणून कुणी लेथवर बुश काढला, कुणी दुसऱ्याच गाडीची केबल बसवली. अकोल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला असेच एक मिस्त्री होते. म्हणायचे, "भाऊ, गाडी चालून नाही खराब होत, उभी राहून होते." विकणारा नेमका तो लेथवरचा बुश लपवतो, जणू काही बट्टाच. मला तर तो गाडीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याचा कोड ताब्यात घेताना आधी विचारतो, कोणी, कधी, काय बदललं? चेंजलॉग नसेल तर हातही लावत नाही. मग लाखो रुपयांच्या गाडीबरोबर साधी एक यादी का नको? मूळचं काय, नंतरचं काय, कोणी केलं.

ही यादी नुसती हौस नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे 'विंटेज' ठरायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीचे वीस हजार, आणि नंबरात व्हीए. एकदा अशी नोंद झाली की रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स. म्हणजे ज्या अमरावती-अकोला मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण साडेपाच-सहा तास वर शंभर तासांत करून गिनीज विक्रम झाला, तिथे ही बाई रोज फिरू शकत नाही. मला हे पटत नाही. जपायचं म्हणजे दिवाणखान्यात उभं करायचं का?

असो. घेणार असाल तर तीन गोष्टी मागा: रंगवण्याआधीचे फोटो, काढलेले जुने पार्ट आणि मिस्त्रीचा नंबर. पहिले दोन नसले तरी एकवेळ चालेल. तिसरा नसेल तर तुम्ही गाडी नाही, शोपीस घेताय.