कचरा वेचणाऱ्या ताईला दान नको, कोरडा माल द्या

दुकान टाकताय ना? मग हा हिशोब बघा. कचरा वेचणारी ताई भंगारवाल्याला माल विकते, म्हणजे तीही आपल्यासारखी छोटी उद्योजकच. फरक इतकाच, की तिचा माल आपण खरकट्यात कालवून देतो. ओल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो, निवडण्यात दिवस जातो आणि हात कमी पडले की पोरंही कचऱ्यात उतरतात.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली. २००८ पासून ती महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. महिन्याचं शुल्क अधिक भंगाराची विक्री, असं दुहेरी उत्पन्न. याला म्हणतात बिझनेस मॉडेल!

माझं मत स्पष्ट आहे. बिस्किटाच्या पुड्यानं गरिबी हटत नाही. आईची कमाई पक्की झाली, की पोरगं शाळेत टिकतं. म्हणून उद्यापासून दुकानातला पुठ्ठा, प्लास्टिक कोरडं आणि वेगळं ठेवा. शुल्क वेळेवर द्या, घासाघीस नको. गिऱ्हाइकानं उधारी थकवली की आपल्याला कसं वाटतं, ठाऊक आहे ना?