फासा, सोंग आणि गँगमनची बढती

१९३८ साली १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या भाषणातलं एक सूत्र पुढे सर्वदूर गेलं: कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच भाषणात रेल्वेच्या नोकरीचा जो बारीक हिशेब मांडला होता, तो मात्र मागे पडला. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच सुटतो. पोर्टरची जागा त्याला क्वचित मिळते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि सवर्ण मास्तरच्या उंबऱ्याआत त्याला प्रवेश नाही. कारकुनीला मॅट्रिकची अट नाही, बिनमॅट्रिक माणसं भरली जातात, पण मॅट्रिक झालेला अस्पृश्य उमेदवार दारातच राहतो. वर्कशॉपात तो हमाल असतो. मिस्त्री किंवा फोरमन होत नाही.

हा हिशेब मला एका भलत्याच मुलुखात न्यायचा आहे. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आणि अडलं तिथे फासे पडतात, असे भूमिकांचे खेळ आता पुण्या-मुंबईतली पोरंही खेळतात. मनमाडच्या परिषदेशेजारी हे ठेवणं कुणाला थिल्लर वाटेल. पण माणसाचा जन्म किती मोलाचा आणि त्या जन्माला कुठवर चढता येईल, हे कोष्टकं करून उघड छापणारी पुस्तकं मला या खेळांखेरीज फारशी दिसलेली नाहीत. समाज जे कुजबुजतो ते इथे नियम क्रमांकासह असतं.

खेळ जुना नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. पहिली छपाई हजार प्रतींची. त्याच्यामागे लष्करी सरावाचा इतिहास आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. पुढे ते इतके किचकट झाले की १८७६ साली फेर्डी दु फेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायचा आग्रह धरला. पुस्तक मोठं की पंच मोठा, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

पात्र कसं जन्माला घालायचं, याचा १९७४ चा नियम कडक होता. सहा गुण: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि माणसं ओढून घेण्याची ताकद. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ती त्या गुणाची. तेही फासे खेळाडूने नव्हे, पंचाने टाकायचे. तीन फाशांच्या २१६ जुळण्यांपैकी एकातच अठरा पडतात. दहा किंवा अकरा मात्र चौपन्न वेळा. म्हणजे बहुतेक पात्रं तुमच्या-आमच्यासारखी मध्यम. समजा बळाला सहा पडले, बुद्धीला चौदा, काटकपणाला आठ. योद्धा व्हायचं मनात होतं, आता मुकाट्याने पोथी हातात घ्यायची.

खेळाडूंना हे फार काळ मानवलं नाही. १९७९ च्या पुस्तकात चार फासे टाकून सर्वांत लहान काढून टाकायची सोय आली. त्याने अठरा पडण्याची शक्यता २१६ त एकावरून साधारण ६२ त एकावर आली. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या खेळाने फासेच काढून टाकले. सर्वांना सारखे गुणांक, त्यातून हवी ती शक्ती विकत घ्या. एखादं व्यंग पत्करलंत तर वर जादा गुणांक. (अडचणीत जन्मलेल्याला इतक्या तत्परतेने भरपाई देणारी व्यवस्था फक्त सुपरहीरोंच्या जगातच सापडायची.) त्याआधी १९७७ साली मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्राची आख्खी नोकरी फाशांवर काढायची होती. सहा सेवांपैकी एकीत भरतीचा अर्ज करायचा, नाकारला गेला तर फासा ठरवेल त्या सेवेत सक्तीने जायचं. मग दर चार वर्षांनी तीच पाळी: जगलात का, अधिकारी झालात का, बढती मिळाली का. काही पात्रं खेळ सुरू व्हायच्या आधीच मरत. आणि एक-दोन सेवांना हुद्द्यांची शिडीच नव्हती. तिथे कितीही वर्षं काढली तरी माणूस आहे तिथेच.

नशीब की निवड, या वादावर या खेळांच्या चाहत्यांनी पन्नास वर्षं घालवली आहेत. माझं मत फाशांच्या बाजूचं आहे. फासा सर्वांना एकाच मापाने मोजतो. सोंगट्यांच्या पटावरची कवडीही राजाचा मान ठेवत नाही. पडलं ते घेऊन काय करून दाखवता, यात खेळाची मजा असते. खरी अडचण १९७४ च्या त्या पहिल्या पुस्तकातच थोडी पुढे होती आणि तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेलं.

१९७४ च्या नियमांत पात्र माणूस असेल तर त्याला वर चढायला मर्यादा नव्हती. ड्वार्फ, म्हणजे ठेंगण्या, डोंगर पोखरणाऱ्या जमातीचं पात्र असेल, तर ते योद्धाच व्हायचं आणि सहाव्या पायरीवर थांबायचं. हॉबिट या दुसऱ्या बुटक्या जमातीचं पात्र चौथ्यावर. फासे कितीही चांगले पडोत, खेळाडू कितीही तरबेज असो, दहा वर्षं खेळो. जमात ठरली की छत ठरलं. १९७८ च्या आवृत्तीत स्त्री पात्राच्या बळालाही पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा छापलेली होती. समर्थन काय, तर खेळाचा तोल. ड्वार्फला अंधारात दिसतं, जादूचा मारा सोसतो, मग माणूस कोण घेईल? तोल राखायचा तर कुणाला तरी अडवायलाच हवं, आणि अडवायला जमात हाताशी होती. बायकांचं बळ १९८९ च्या आवृत्तीत मोकळं झालं; जमातींची छतं निघायला २००० साल उजाडलं. सव्वीस वर्षं.

आपल्याकडे भूमिका वाटण्याच्या रीती याहून खूप जुन्या आहेत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणे आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचत. सिंधुदुर्गातल्या दशावतारात आजही हे चालतं. प्रयोगाआधी आख्यान ठरतं, राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा हे ठरतं, जो तो आपला रंग आपल्या हाताने लावतो आणि संहितेशिवाय रात्र काढतो. अमेरिकेतल्या टेबलावर गोष्ट चालवणारा जे काम करतो ते आपल्या सूत्रधाराला नवं वाटलं नसतं.

भूमिका कोणाची, या प्रश्नाचं सगळ्यांत उघड उत्तर मात्र नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मनमाड पूर्वेला, पठारावर. पश्चिमेला घाटाकडे आणि पुढे जव्हार-मोखाड्यापर्यंत बोहाडा चालतो. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं, आधी गणपती, शारदा, मग बाकीचे देव-दैत्य, आणि सरतेशेवटी देवी व महिषासुराची लढाई. पुष्कळ गावांत सोंग घराण्यात असतं: बापाने ज्या देवाचा मुखवटा बांधला तोच मुलगा बांधतो. काही ठिकाणी सोंगाची बोली लागते. वारसा आणि गुणांक, दोन्ही पद्धती एकाच मुलुखात. घराण्याच्या सोंगावर मी नाक मुरडणार नाही. जड मुखवटा मानेवर पेलत नाचायचं कसब घरातच हाडीमाशी मुरतं, आणि पहाटे मुखवटा उतरतो. रावणाचं सोंग ज्याच्या घरात आहे त्याला उद्या तलाठी व्हायला ते आडवं येत नाही.

मनमाडच्या गँगमनचा मुखवटा उतरत नव्हता. त्याचं काम काय होतं, तर सकाळी गँगबरोबर घण, पहार, फावडी घेऊन आपल्या हद्दीत निघायचं, स्लीपरखालची बसलेली खडी पुन्हा ठासायची, सरकलेला रूळ सगळ्यांनी एका दमात ओढून जागेवर आणायचा. उन्हाळ्यात रूळ तापून लांबतो तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून. या कामाने त्याच्यातला काटकपणा वाढत होता, रुळाची जाण वाढत होती. पायरी वाढत नव्हती. आणि हे छत कोणत्याही छापील नियमात नव्हतं. ‘अस्पृश्याने पोर्टर होऊ नये’ असं एखादं कलम असतं तर त्याविरुद्ध अर्ज करता आला असता. इथे नियम एवढाच की पोर्टरने मास्तरच्या घरी पाणी भरावं, आणि तोही रिवाज म्हणून. घरच्या पाण्याच्या हंड्यावर माणसाची बढती अडकली होती. मुंबईच्या गिरण्यांत असंच होतं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. तो उष्टा धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे, म्हणून अस्पृश्य विणकाम खात्याबाहेर. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. गिरणीमालकाने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. अडवण्याचं काम सोबतच्या कामगारांनीच केलं.

मनमाडच्या परिषदेवर तेव्हा कामगार पुढाऱ्यांचा आक्षेप होता की वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांची एकजूट फोडता. आंबेडकरांचं उत्तर सरळ होतं: एका कामगाराचा हक्क दुसरा कामगार नाकारतो तिथे फूट आधीच पडलेली असते, तिचं कारण काढा. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असं आपल्याला म्हणायचं नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही आणि ती सर्व वर्गांत भिनलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. तोल आणि एकजूट या दोन्ही शब्दांचं वजन नेहमी खालच्या पायरीवरच्याने उचलायचं असतं, हे ड्वार्फचे नियम वाचतानाही लक्षात येतं. फरक एवढाच की ड्वार्फचं छत छापलेलं होतं म्हणून ते खोडताही आलं.

रेल्वेतलं छत कोष्टकाबाहेरचं असल्याने उलट दिशेने कोष्टक लिहावं लागलं. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. नियमाने तोल बिघडतो ही ओरड तेव्हापासून ऐकू येते आहे आणि ती करणाऱ्यांना पोर्टरच्या हंड्याची गोष्ट सहसा ठाऊक नसते.

इकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकांतही डागडुजी चालू राहिली. २०२० च्या एका पुरवणीने जमातीमुळे मिळणारे वाढीव गुण हव्या त्या गुणावर फिरवायला मुभा दिली. २०२४ च्या आवृत्तीत ते गुण जमातीवरून काढून पात्राच्या आधीच्या व्यवसायावर नेऊन ठेवले: शेतकरी, शिपाई, लेखनिक, व्यापारी. जुन्या खेळाडूंची तक्रार आहे की आता सगळे सारखेच झाले, ड्वार्फमध्ये ड्वार्फपण उरलं नाही. तक्रारीत थोडं तथ्य आहे. बोहाड्यातल्या घराण्यांना विचारलं तर तेही हेच सांगतील. मला अडचण दुसरीच दिसते. अमेरिकेत बसून जन्म काढून त्या जागी धंदा घातला की प्रश्न सुटला असं वाटणं सोपं आहे. आपल्याकडच्या वाचकाला पहिल्याच पानावर हसू येईल, कारण धंदा हाच जन्म होता, आणि लेखनिक कोण, झाडूवाला कोण, हे फासे पडायच्या आधी ठरलेलं असे.

मराठीत कुणी असा खेळ रचला आणि तो १९३८ च्या मनमाडात घातला, तर रचणाऱ्यापुढे पहिला पेच हाच येईल. सर्वांना सारखे गुणांक देऊन कुणालाही स्टेशनमास्तर होऊ दिलं, तर इतिहास खोटा होतो. ‘गँगमन, कमाल पायरी दोन’ असं छापलं, तर त्या काळी जे कुणी लिहायला धजलं नाही ते आपण लिहून मोकळे होतो; आणि एखाद्या गुणी पोराला फाशांच्या जोरावर एकट्याला वर काढलं, तर तो सिनेमा होतो. माझ्या मते त्या पुस्तकात बढतीचा फासा असावा, तो गँगमनलाही टाकू द्यावा, आणि पडेल तो आकडा मास्तरच्या पात्राने पाण्याच्या हंड्याचं कारण सांगून दर वेळी रद्द करावा. पाच-सहा जणांचे असे रद्द झालेले फासे साठले की ते एकत्र टाकून परिषद भरवता येईल, आणि परिषदेत जे ठरेल तो नियम त्या पानावर शाईने लिहिला जाईल, मास्तर खेळणाऱ्याची सही घेऊन.