पुराच्या पहाटेचा संदेश

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाळीसगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी शहरात शिरले. कन्नड घाटात दरडी कोसळल्या. धुळ्याहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारा मार्ग बंद पडला. घरांचे नुकसान झाले, गुरे वाहून गेली, दुकानांत पाणी व चिखल भरला. पर्युषण आणि गणेशोत्सव अवघ्या काही दिवसांवर होते, पुढे नवरात्र आणि दिवाळी. व्यापाऱ्याची वखार वर्षभरात ज्या काळात भरू लागते, नेमक्या त्याच काळात पाणी आले.

आगीत माल नाहीसा होतो. पुरात तो डोळ्यांसमोर राहतो आणि तरीही गेलेला असतो. गव्हाच्या पोत्याला मोड येतात, कापडाच्या गठ्ठ्याला कुबट वास धरतो, आणि ज्या वहीत त्या मालाची नोंद होती ती वहीही त्याच चिखलातून काढावी लागते. अशा वेळी विमा उतरवलेल्या दुकानदाराला मोठे प्रश्न पडत नाहीत, अगदी साधे पडतात. माल हलवावा की तसाच ठेवावा? कोणाला कळवावे? पॉलिसीचा कागदच भिजला असेल तर? कंपनीचे कार्यालय जळगावला किंवा नाशिकला, आणि पहाटे पाच वाजता ते उघडे नसते. उघडा असतो तो विमा प्रतिनिधीचा मोबाइल.

समाजमाध्यमांवर विमा व्यवसाय कसा वाढवावा, या विषयावर हल्ली पुष्कळ सांगितले जाते. रंगीत भित्तिपत्रे, सुविचार, हसऱ्या कुटुंबांची चित्रे आणि रोज सकाळी एक ‘शुभ प्रभात’, असा त्याचा सर्वसाधारण आराखडा. चाळीसगावसारख्या गावात, जेथे प्रतिनिधी आणि ग्राहक एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, तेथे या आराखड्याचा उपयोग थोडाच. तेथे ग्राहकाला आपला माणूस कोण हे ठाऊकच असते. तो माणूस वेळेला उत्तर देतो का, एवढेच त्याला पाहायचे असते. त्या दृष्टीने पुराच्या पहाटे ग्राहकांना पाठवायचा एक संदेश वर्षभराच्या भित्तिपत्रांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. तो साधारण असा असावा:

‘प्रथम माणसे सुरक्षित ठेवा. विजेचा मुख्य खटका बंद करा. पाणी ओसरल्यावर काहीही हलवण्यापूर्वी दुकानाचे सर्व बाजूंनी फोटो व व्हिडिओ घ्या. भिंतीवरील पाण्याची खूण अवश्य टिपा. कोरडा माल वेगळा करा, भिजलेला फेकू नका. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नका, ओढून बाहेर काढा. पॉलिसीचा किंवा दुकानाचा फक्त फोटो पाठवा, दाव्याची सूचना आजच नोंदवू.’

यातील प्रत्येक वाक्यामागे पैसा आहे. भिजलेला माल घाईने उकिरड्यावर गेला तर कंपनीच्या सर्वेक्षकाला मोजायला काही उरत नाही. कोरडा माल वेगळा केला नाही तर, वाचवता येण्यासारखा माल का वाचवला नाही, असा प्रश्न येतो. भिंतीवरची खूण पाणी किती चढले याची साक्ष देते आणि ती दोन दिवसांत पुसली जाते. गाडीची गोष्ट तर अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते: बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवली की इंजिनात पाणी ओढले जाते, आणि असा इंजिनचा बिघाड साध्या वाहन विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. किल्ली फिरवण्याआधी संदेश पोहोचला तर खर्च वाचतो, नंतर पोहोचला तर केवळ माहिती मिळते. ज्या घरांची शेतीही आहे त्यांच्यासाठी आणखी एक ओळ हवी: पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते.

असा संदेश पहाटे सुचत नाही. तो मे महिन्यातच लिहून ठेवावा लागतो. व्हॉट्सअॅपच्या व्यवसायासाठीच्या स्वतंत्र अॅपमध्ये तयार उत्तरे साठवण्याची सोय आहे, तशीच ग्राहकांना खुणेच्या चिठ्ठ्या लावण्याचीही. नदीलगतचे दुकानदार, तळघरात गोदाम असलेले, शेती असलेले, फक्त आयुर्विम्याचे, अशी वर्गवारी एका दुपारचे काम आहे. एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे संदेश पाठवण्याच्या यादीत २५६ नावे बसतात. मात्र ज्याने प्रतिनिधीचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. वर्षभर नकोसे संदेश पाठवून ज्याने स्वतःचा क्रमांक लोकांना पुसायला किंवा रोखायला लावला, त्याचा उपयोगाचा संदेशही मग पोहोचत नाही. रोजच्या ‘शुभ प्रभात’ची किंमत ती अशी. संवत्सरीला क्षमायाचनेच्या संदेशाखाली नव्या योजनेचे पत्रक जोडून पाठवणारे महाभागही असतात. त्यांनी त्या दिवसापुरती तरी जाहिरात बाजूला ठेवावी.

दुसरा संदेश पावसाळ्यापूर्वीचा, आणि त्याचे महत्त्व पहिल्याहून अधिक. बहुतेक दुकानांचा विमा मार्चअखेरच्या शिल्लक मालावर बेतलेला असतो. ऑगस्टअखेर सणांचा माल भरू लागला की तो आकडा अपुरा पडतो. समजा, दुकानात ४० लाखांचा माल आहे, विमा २० लाखांचा आहे आणि १० लाखांचे नुकसान झाले. दुकानदाराचा हिशेब सरळ असतो: विमा २० लाखांचा, नुकसान १० लाखांचे, म्हणजे १० लाख मिळतील. प्रत्यक्षात विमा निम्म्याच मालाचा असल्याने भरपाईही निम्मीच, म्हणजे सुमारे ५ लाख, ठरते. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणची एकूण जोखीम ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी ती आहे आणि पुराची हानीही तिच्यात येते. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नाही. जादा हप्ता भरून विम्याची रक्कम मध्येच वाढवता येते, हे सांगणारा एक संदेश ऑगस्टच्या आरंभी प्रत्येक दुकानदाराला गेला पाहिजे.

याच्याच जोडीला कर्जाच्या पॉलिसीची तपासणी. बँकेने खेळते भांडवल दिले की विमाही बँकेमार्फत निघतो, हप्ता खात्यातून परस्पर जातो आणि पॉलिसी बँकेच्या धारिकेत पडून राहते. तिच्यावर दुकानाचा पत्ता आहे पण गोदामाचा नाही, किंवा पत्ता जुन्या जागेचा आहे, हे दावा करतानाच उघडकीस येते. जो प्रतिनिधी आपल्या यादीतील दुकानदारांना ‘बँकेतील पॉलिसीचा फोटो पाठवा, पत्ता आणि रक्कम पाहून सांगतो’ एवढेच लिहितो, आणि ती पॉलिसी स्वतःची नसतानाही पाहून सांगतो, त्याला नवा ग्राहक शोधायला वेगळे भित्तिपत्र लागत नाही. व्यापारी माणूस फुकट मिळालेला योग्य सल्ला विसरत नाही. तो दुसऱ्याला सांगतोही.

खरेदीची बिले, मालाची नोंदवही, बँकेला दिलेले मालाचे विवरण आणि मागचा ताळेबंद, एवढे कागद सर्वेक्षक हमखास मागतो. ते दर महिन्याला एकदा मोबाइलवर टिपून दुकानाच्या ई-मेलवर ठेवले की पुरात वही गेली तरी हिशेब जात नाही. मुनीमजींच्या लाल वहीचा मान कमी करण्याचे कारण नाही. तिची एक प्रत पाण्याच्या हाती न लागणाऱ्या जागी असावी, इतकेच.

आता जाहिरातीकडे. प्रतिनिधीने स्वतः तयार केलेले पत्रक, चित्र किंवा चित्रफीत ही विमा नियामकाच्या दृष्टीने जाहिरातच असते आणि तिला कंपनीची पूर्वमंजुरी लागते. व्हॉट्सअॅपचे स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते म्हणून ते जाहिरात ठरत नाही, असे नाही. ‘हमखास १२ टक्के परतावा’ अशा ओळी तर सरळच दिशाभूल करतात. बाजाराशी निगडित योजनेच्या अधिकृत कोष्टकात वाढीचे दर ४ आणि ८ टक्के असे केवळ गृहीत धरून दाखवलेले असतात, हमी म्हणून नव्हे.

त्याहून नाजूक गोष्ट ‘पहिला हप्ता आमच्याकडून’ ही. गावोगावी हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले. परंतु विमा अधिनियम १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनातील वाटा किंवा हप्त्यातील सूट ग्राहकाला देऊ करणे निषिद्ध आहे, घेणाऱ्यालाही, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्यावरील दंड दहा लाख रुपयांपर्यंत नेला. पूर्वी हा सौदा चहाच्या पेल्यासोबत तोंडी होत असे. आता तो ग्रुपवर लिहिला जातो आणि शंभर जणांच्या फोनमध्ये पुराव्यादाखल जपून राहतो.

लिखित शब्दाचा हाच गुण ग्राहकाच्याही बाजूने किंवा विरुद्ध जातो. मधुमेह असलेल्या काकांनी प्रतिनिधीला तसे कळवले आणि उत्तर आले, ‘अर्जात लिहू नका, हप्ता वाढेल.’ असा सल्ला देणारा ग्राहकाचे हित पाहत नाही. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव आव्हानित करता येत नाही, हे कलम ४५ चे संरक्षण खरे. पण पहिल्या तीन वर्षांत लपवलेला आजार उघड झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा काकू व मुले कंपनीच्या दारात उभी असतात. आरोग्य विम्यात हाच काळ पाच वर्षांचा आहे. प्रतिनिधीने ग्राहकाकडून आलेली आजाराची माहिती जशीच्या तशी अर्जात उतरवावी आणि भरलेल्या अर्जाचा फोटो ग्राहकाला परत पाठवून ‘वाचून पाहा’ असे लिहावे. ही दोन मिनिटांची सेवा कोणत्याही योजनेच्या वैशिष्ट्यांत छापलेली नसते.

कौटुंबिक आणि सामाजिक ग्रुपांच्या बाबतीत संयम हवा. समाजाच्या ग्रुपवर कोणी हळव्या मनाने निधनवार्ता टाकली आणि तिच्याखालीच तिसऱ्या तासाला मुदतीच्या विम्याचे पत्रक आले, तर वाचणाऱ्याला काय वाटेल याची कल्पना यायला व्यवसायशास्त्र शिकावे लागत नाही. दावा मंजूर झाला म्हणून धनादेश हातात घेतलेल्या विधवेचे छायाचित्र फेसबुकवर टाकणे, हाही प्रकार घडतो. त्या घरात किती पैसे आले हे चाळीसगावच्या बाजाराला कळवण्याचा अधिकार प्रतिनिधीला कोणी दिला? आधार कार्ड, पॅन, रक्ततपासणीचे अहवाल हे तर समोरासमोरच्या संभाषणातच राहावेत; ग्रुपवर चुकूनही नकोत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. व्यापारी घराण्यांत ही मर्यादा त्याहून जुनी आहे: एका पेढीचा आकडा दुसऱ्या पेढीवर बोलला जात नसे.

अर्धसत्याचा प्रसारही ग्रुपांवरच होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी माफ झाला. ‘विम्यावरचा जीएसटी गेला’ एवढाच संदेश पुढे गेला तर दुकानाच्या आगविम्याचे बिल पाहून मालक प्रतिनिधीवर संशय घेईल, कारण त्या विम्यावरचा कर तसाच आहे. अशा वेळी तीन ओळींचे नेमके स्पष्टीकरण देणारा प्रतिनिधी आपोआप नजरेत भरतो. नवे ग्राहक मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, आणि त्याला कंपनीच्या चित्रांची गरजही नाही. अनेक घरांत हे काम आता सुना आणि लेकी करू लागल्या आहेत. दहावी उत्तीर्ण महिलांसाठी एलआयसीची ‘विमा सखी’ योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली, त्यानंतर त्यांना आणखी एक वाट मिळाली. दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर मोबाइलवर शांतपणे उत्तरे देणाऱ्या गृहिणीला गावातील स्त्रिया जे विचारतात, ते त्या पुरुष प्रतिनिधीला विचारत नाहीत.

कंपन्याही या माध्यमात उतरल्या आहेत. एलआयसीने डिसेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर सेवा सुरू केली; हप्त्याची तारीख, बोनस, कर्जाची पात्रता अशी माहिती नोंदणी केलेल्या पॉलिसीधारकाला तेथे मिळते. मात्र क्रमांक घ्यायचा तो एलआयसीच्या संकेतस्थळावरूनच, पुढे ढकललेल्या संदेशातून नव्हे. ‘तुमचा बोनस अडकला आहे, एवढे पैसे भरा’ असे सांगणारा दूरध्वनी विमा नियामकाच्या नावाने आला तर तो खोटाच समजावा. नियामक पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

आणि दावा अडला तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नियामकाचे ‘विमा भरोसा’ संकेतस्थळ किंवा १५५२५५ हा निःशुल्क क्रमांक, आणि त्यानेही न भागल्यास विमा लोकपाल. खानदेशातील तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याचा निवाडा तेथे होतो, शुल्क लागत नाही आणि वकील करण्याची गरजही नाही. हा मजकूर ग्राहकांना स्वतःहून पाठवणारे प्रतिनिधी फार थोडे, कारण त्यात आपल्याच कंपनीविरुद्ध जाण्याचा रस्ता दाखवलेला असतो. ज्याने तो पाठवला, त्याच्याकडून पुढची पॉलिसी घेताना दुकानदार दुसरीकडे भाव विचारायला सहसा जात नाही.