पाव मैल की अदपाव मैल?

(द्वितीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून कुणाला बेकरीची आठवण झाली तर तो दोष माझा नव्हे. आमची आजी अजूनही दुकानात चहाची पूड ‘अदपाव’ मागते. किलो आणि ग्रॅम तिच्या जिभेवर कधी बसलेच नाहीत. पावाचा अर्धा तो अदपाव, म्हणजेच एक अष्टमांश. मला ज्या खेळाविषयी लिहायचे आहे त्यातला सगळा वाद या दोन मापांचाच आहे, म्हणून आजीचा शब्द उसना घेतला.

खेळाचे नाव ड्रॅग रेसिंग. खेळ अमेरिकेचा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि सरळ रेषेत जो आधी पोहोचेल तो जिंकला. वळण नाही, फेरी नाही. अंतर बहुधा पाव मैल असते, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. दुसरे प्रचलित अंतर त्याच्या निम्मे, ६६० फूट, सुमारे २०१ मीटर. हौशी माणसाने यातले कोणते निवडावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे आमचे प्राध्यापक विचारतील. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वार्षिक अंकात काय लिहावे हे सांगणारे घरी कुणी नाही. सुट्टीत मी मामांच्या गॅरेजमध्ये पाने उचलून देतो, आणि तेथे ज्या गोष्टींवर तासन्‌तास वाद होतात त्यांतली ही एक. मोबाइलवर अमेरिकेतल्या शर्यती बघून आलेली मुले तेथे ठासून सांगतात की खरी शर्यत चारशे मीटरची. दोनशेची ती पोराटोरांची. माझे मत नेमके उलट आहे, आणि ते गॅरेजमध्ये कुणी ऐकून घेत नाही. म्हणून येथे लिहितो.

पाव मैल हे काही शास्त्राने ठरवलेले माप नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या मोटारी घरीच दुरुस्त करून पळवणाऱ्या तरुणांची मोठी लाट आली. ते कोरड्या तळ्यांच्या पात्रात, विमानांच्या धावपट्ट्यांवर आणि पुष्कळदा सरळ रस्त्यावर शर्यती लावत. १९५० साली सांता ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. मुलांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी आणावे हा तिचा एक मोठा हेतू होता. हे वाचताना मला फार नवल वाटले, कारण आमच्या बायपासवर आज जे चालते तेच तेव्हा तेथे चालत होते. पाव मैल तेव्हापासून रूढ झाला. अमेरिकेत त्याआधीही पाव मैल घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध होताच. तेथील ‘क्वार्टर हॉर्स’ ही घोड्यांची जात त्या अंतरावरूनच ओळखली जाते.

गंमत अशी की ज्यांच्याकडे बोट दाखवून आमची मुले चारशेचा हट्ट धरतात, त्या सर्वांत वेगवान व्यावसायिकांनीच पाव मैल सोडून दिला आहे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या नामांकित चालकाचा मृत्यू झाला. पट्टी संपता संपता इंजिनाचा स्फोट झाला, गाडी वेळेत थांबली नाही आणि थांबण्याची जागा संपून पुढे गेली. त्यानंतर काही दिवसांतच ‘टॉप फ्यूएल’ आणि ‘फनी कार’ या दोन वर्गांचे अंतर १००० फुटांवर आणले गेले. ते आजही तेवढेच आहे. ज्यांच्याजवळ पॅराशूट आहेत, अग्निरोधक कपडे आहेत, रुग्णवाहिका उभी आहे, त्यांनी अंतर कमी करण्यात कमीपणा मानला नाही. कमीपणा वाटतो तो आमच्या गॅरेजमध्ये.

आता थोडा हिशेब. एक बऱ्यापैकी वेगवान हौशी मोटार धरू. ती पहिला अष्टमांश मैल साधारण आठ सेकंदांत तोडते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे १३७ किलोमीटर असतो. तीच गाडी तशीच दामटली तर पाव मैल साडेबारा सेकंदांच्या आसपास होतो आणि वेग १७४ च्या घरात जातो. म्हणजे उरलेले दोनशे मीटर साडेचार सेकंदांत संपतात. वेग वाढला फक्त सदतीसने, असे कुणी म्हणेल. परंतु थांबताना ब्रेकला जी शक्ती गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सायन्सच्या एका मित्राने वहीवर करून दाखवले, की ती जवळजवळ एक पूर्णांक सहा दशांश पट होते. अंतर दुप्पट करून आपण थांबण्याचे ओझे दीडपटीहून जास्त करतो, आणि ते शेवटच्या साडेचार सेकंदांसाठी.

हा हिशेब मी आधी कागदावर शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या आळीतला एक मुलगा रात्री बायपासवर मोटारसायकल घेऊन पैजेला उतरला. हमरस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरला लहान दगड असतो, तो सर्वांनी पाहिला असेल. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत म्हणजे जवळजवळ बरोबर अदपाव मैल. पण पैज दोन दगडांची लागली, कारण व्हिडिओत चारशे होते. पहिल्या दगडापाशी तो पुढे होता. दुसऱ्या दगडापाशीही तोच पुढे होता. त्याच्यापुढे रस्ता डावीकडे वळतो, आणि वळणावर उसाची ट्रॉली मागचा दिवा नसताना उभी होती. तो शर्यत जिंकला होता. थांबता आले नाही. मांडीत सळई घातली आहे. बारावीचे वर्ष गेले ते गेलेच. रस्त्यावर दोनशे मीटरही पळवू नयेत, हे वेगळे सांगायला नको. पण चारशेचा आकडा त्याच्या डोक्यात कुठून आला हेही विसरता येत नाही.

येथे आमच्या खेड तालुक्यातल्या बैलगाडा घाटाची आठवण होते. आपल्याकडचा घाट चढाचा असतो. गाडा वर जातो तसा बैलांचा जोर आपोआप ओसरतो. सुटण्याइतकाच थांबण्याचाही विचार जुन्या लोकांनी केला होता असे मला वाटते. ड्रॅग पट्टी मात्र सपाट असते, त्यामुळे थांबण्याची जागा वेगळी राखावी लागते. अमेरिकेत, विशेषतः आग्नेयेकडच्या राज्यांत, अष्टमांश मैलाच्या पट्ट्या पुष्कळ आहेत. जागा लहान असली, पुढे घरे किंवा रस्ता आला की लहान अंतरावर भागते. मोठ्या पट्टीचे अंतर निम्मे केले तर उरलेला भाग थांबण्याच्या कामी येतो.

‘पोराटोरांची शर्यत’ या टोमण्यात थोडे सत्य आहे. १९९२ पासून तेथे मुलांसाठी छोट्या गाड्यांची ज्युनिअर लीग चालते आणि तिचे अंतर अष्टमांश मैलच असते. पण त्याच अंतरावर प्रोफेशनल ड्रॅग रेसर्स असोसिएशन ही संघटना मोठमोठ्या गाड्यांच्या शर्यती भरवते. तेव्हा अंतर लहान म्हणजे माणूस लहान, हे काही खरे नव्हे.

हौशी लोकांची तेथील आवडती रीत तर आणखी वेगळी आहे. तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. आपली गाडी किती सेकंद घेईल हे चालकाने आधीच सांगायचे. पुष्कळ जण बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने तो आकडा काचेवर लिहितात. एकाने आठ सेकंद लिहिले आणि दुसऱ्याने साडेनऊ, तर मंद गाडीला दीड सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तर सामान्यतः बाद, कारण तुम्ही आपली ताकद लपवली होती. असा नियम ज्याने काढला त्याला मी नमस्कार करतो. बापाने घेऊन दिलेली नवी कोरी गाडी आणि भावाभावांनी भंगारातून उभी केलेली गाडी येथे खरोखरच शेजारी उभ्या राहू शकतात. दिवा पाहून किती चटकन सुटता आणि गाडी प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेते की नाही, एवढ्यावर निकाल लागतो. या दोन्ही गोष्टींचा कस दोनशे मीटरमध्येही पुरेपूर लागतो.

दुसरी बाजू दडपणे बरे नव्हे. सुटताना क्लच आणि चेनवर जो ताण येतो तो दोन्ही अंतरांत सारखाच. अदपाव मैलात मोडतोड होत नाही असे म्हणणारा फसवतो आहे. वाचते ते इंजिन, कारण पूर्ण रेस दिलेली साडेचार सेकंदे कमी होतात. सुरक्षेच्या सामानातही सूट मिळत नाही. तेथील नियमपुस्तकात पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर तोडणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे, आणि शेजारीच अष्टमांशाचा आकडा ८.५९ असा दिलेला असतो. म्हणजे नियम गाडीची ताकद पाहतो. शिवाय लहान अंतरात टायरची पकड आणि पिकअप यांना जास्त भाव येतो, आणि ज्या इंजिनाचा जोर वरच्या गिअरमध्ये खुलतो त्याच्यावर अन्याय होतो. हा आक्षेप मला मान्य आहे. इंजिन किती घोड्यांचे हे पारखायचे असेल तर पाव मैलाच्या शेवटचा वेग जास्त खरे सांगतो.

पण हौशी माणूस इंजिनाची परीक्षा देण्यासाठी येतो की स्वतःची?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या रीतसर शर्यती झालेल्या आहेत. तेथे महागड्या परदेशी गाड्या येतात. आमच्या गॅरेजमधल्या मुलांना तेथवर जाणे परवडत नाही, म्हणून ती बायपासवर जातात. माझे म्हणणे एवढेच की तालुक्याच्या ठिकाणी एखादी सरळ, दोन्ही बाजूंनी बंदिस्त पट्टी झाली तर ती दोनशे मीटरचीच असावी, आणि त्यापुढे थांबण्यासाठी निदान दुप्पट जागा सोडावी. तेवढ्याच जमिनीत कुणी चारशेची पट्टी आखली तर पुढे थांबायला पहिल्याच्या निम्मी जागा उरेल. आपल्याकडे जमिनीचे भाव पाहता लोक काय करतील याची मला भीती वाटते.

हा लेख मामांना वाचून दाखवला. हात पुसत त्यांनी सगळा ऐकला. म्हणाले, “ट्रॉलीचं लिहिलंस ते बरं केलंस. बाकी आपल्याला काय पटलं नाय. टॉपला गाडी कशी वाजते ते दोनशेत कळतच नाय.” मी म्हटले, “मामा, तुम्ही थांबायचं बोला.” ते काही बोलले नाहीत. सळईवाला मुलगा तेथेच स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, तो म्हणाला, “दोनशेला मी पुढेच होतो की.”